सॅम्पलची वाटी

सहाशे माणसांचं वरण भिमाजींना डोळे मिटून जमायचं. दोन माणसांचं मात्र त्यांच्या हातून कधी धड झालं नाही. मीठ मुठीनं घ्यायची सवय. चमचा हातात आला की हात अडखळायचा. गेवराईकडचं गाव सोडून ते तरणेपणीच भोसरीला आले, एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागले आणि तिथूनच मुख्य आचारी म्हणून निवृत्त झाले. कामगार त्यांना मामा म्हणत. मामांची आमटी आणि मामांचं पळीवाढं दही, यावर तिन्ही पाळ्या निघायच्या.

आता ते पुनावळ्याला मुलाच्या घरी राहतात. सातवा मजला. मुलगा सुजित चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि सून तनुजा तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीला. उजाडता उजाडता दोघांच्या बस येतात. मग घरात भिमाजी आणि गिरजाबाई, नवरा-बायको दोघंच.

नोकरी सुटली तरी तिच्या दोन खोडी भिमाजींच्या अंगात राहिल्या होत्या. एक म्हणजे वाढून झालं की ते खाणाऱ्याच्या समोर उभे राहत. कँटीनमध्ये पहिलं ताट गेलं की काउंटरला टेकून ते त्या माणसाचं तोंड निरखत. पहिल्या घासाला कपाळावर आठी पडली की समजायचं, आज काहीतरी बिघडलं. घरीही तेच. तनुजा लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला घास उतरत नसे.

दुसरी खोड सॅम्पलची. कँटीनमध्ये जो पदार्थ वाढला जाई त्याचा नमुना एका झाकणाच्या वाटीत काढायचा, वर तारखेची पट्टी चिकटवायची आणि पूर्ण एक दिवस ती वाटी फ्रीजमध्ये ठेवायची. कुणाचं पोट बिघडलं तर तपासणीला तीच वाटी जाई. त्या वाटीला हात लावणं म्हणजे देवघरात चपला घालून जाणं. एका दसऱ्याला एका वाढप्यानं श्रीखंडाचं सॅम्पल खाल्लं, तर भिमाजींनी त्याला महिनाभर खरकट्यावर बसवला होता. आता घरात कोण तपासायला येणार होतं? तरी भाजी केली की चमचाभर वाटीत जायचीच. तनुजा हसायची. "अण्णा, इथं ऑडिट नाही हो." भिमाजी म्हणायचे, "असू दे. जागा किती लागते?"

त्या उन्हाळ्यात गिरजाबाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या सुकून बसल्याशिवाय कवळीचं माप घेता येत नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे दीड-दोन महिने बोळक्या तोंडानं काढायचे होते. गिरजाबाईंनी त्याच दिवशी तोंडाला पदर लावला तो लावलाच. बोलायच्या पदराआडून, हसणं बंद. जेवायला हाक मारली की म्हणायच्या, "माझं झालं." कधी झालं, काय झालं, ते कुणी पाहिलेलं नसायचं. पेज केली तर दोन घोट, खिमट केलं तर बोट लावून सारून ठेवायच्या. त्यात शुगरच्या गोळ्या चालू. एकदा ओट्याशी उभ्या असताना चक्कर येऊन खाली बसल्या.

नेहमीच्या डॉक्टरांनी वजन केलं. काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजी, येत्या शनिवारी परत या. वजन याच्या खाली गेलं तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. सलाईन लावू." आणि भिमाजींकडे वळून म्हणाले, "मऊ द्या, गार द्या. दही, फळांचा गर. आइस्क्रीम नको, साखर आहे त्यात."

घरी आल्यावर गिरजाबाई एवढंच म्हणाल्या, "मी काय दवाखान्यात ऱ्हायची न्हाई. सांगून ठिवते."

"मग खा," भिमाजी म्हणाले.

"खाते की."

शनिवारपर्यंत काय ते करायचं होतं.

संध्याकाळी तनुजानं मोबाईलवर शोधून उपाय काढला. "अण्णा, फ्रोझन योगर्ट करू या. घट्ट दही, फळाचा गर, अर्धं पिकलं केळं. साखर नाही, साय नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मधून मधून ढवळायचं. आइस्क्रीमसारखं लागतं."

"म्हणजे श्रीखंड गारठवायचं," भिमाजी म्हणाले.

"तसंच काहीसं. मी रविवारी करते."

रविवार शनिवारच्या नंतर येतो, हे तनुजाच्या ध्यानात आलं. भिमाजी म्हणाले, "मी करतो. दही काय मला नवीन आहे?"

दही नवीन नव्हतंच. दुसऱ्या दिवशी ते सहा लिटर गाईचं दूध घेऊन आले. आपण किती आणलं हे त्यांना दूध ओतायला पातेलं सापडेना तेव्हा कळलं. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं, कुकर आणि पाण्याची कळशी, तिन्हींत विरजण पडलं. दही सुरेख लागलं, पण ते एवढं झालं की ताक शेजारच्या तिन्ही घरांत गेलं आणि सुजितनं लागोपाठ दोन दिवस डब्यात कढी नेली. "अण्णा," तो म्हणाला, "आमच्या लाइनवरची पोरं विचारतायत, मामा परत कामाला लागले का?"

उरलेलं दही भिमाजींनी पंच्यात बांधून नळाला टांगलं. पाणी निथळल्यावर घट्ट चक्का झाला. त्यात पपईचा गर आणि केळं घालून त्यांनी डबा फ्रीजरमध्ये ठेवला आणि ते निवांत झाले. ढवळायचं तनुजानं सांगितलं होतं, पण लागलेलं दही हलवायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. दह्याला धक्का लागला की ते पाणी सोडतं. त्यांनी डब्याला हात लावला नाही.

दुपारी डबा काढला तर आत फरशी झाली होती. चमचा वाकला. सुरीच्या टोकानं त्यांनी एक खपली काढली आणि वाटीत घालून गिरजाबाईंपुढे धरली. गिरजाबाईंनी पदर जरासा बाजूला करून ती तोंडात घेतली आणि लगेच गालावर हात दाबला.

"टोचलं का?"

"दात गेलेच हायेत. आता हिरड्याबी काढून घ्यायच्या का?"

भिमाजींनी वाटी उचलली. त्या डब्याचं सॅम्पल त्यांनी ठेवलं नाही. जे वाढण्यालायक नाही त्याचं सॅम्पल ठेवत नाहीत.

संध्याकाळी ते खाली बाकावर जाऊन बसले. इमारतीच्या मागच्या बाजूला सोपानरावांचं घर आहे. जिथं आज इमारत उभी आहे तिथं पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. जमीन गेली, पण मागचं जांभळाचं झाड सोपानरावांनी ठेवलं. बिल्डरनं परोपरीनं सांगून पाहिलं. सोपानराव म्हणाले होते, "झाड मागं हाय, तुजी इमारत म्होरं. तुला काय त्रास देतंय का ते?" रोज संध्याकाळी ते झाडाखालून उठून सोसायटीच्या बाकावर येऊन बसतात. हक्काची जागा असल्यासारखे, आणि तसं पाहिलं तर ती होतीच.

"काय भिमाजीराव, आज चेहरा का पडलाय?"

भिमाजींनी सगळं सांगितलं. दही, पपई, फ्रीजर, फरशी.

"म्हंजी थिजिवल्यालं दही," सोपानराव म्हणाले.

"हां, तसंच म्हणा."

"आन् पपई कशापायी घातली? शुगरवालीला जांभूळ द्या की. ह्यो बगा, सडा पडलाय. पाखरं खात्यात, पोरं कपडे खराब करत्यात. न्या चार ओंजळी, ही घ्या टोपली." आणि मग ओठांत हसत म्हणाले, "पर सहा लिटरची करू नका राव. झाड येकच हाय."

सकाळी भिमाजींनी जांभळं मिठाच्या पाण्यात धुतली आणि चाळणीवर हातानं चोळून गर काढला. हात मनगटापर्यंत जांभळे झाले. या वेळी चक्का वाटीभरच घेतला. त्यात गर, अर्धं केळं, चिमूटभर काळं मीठ. तुरटपणा केळ्यानं मोडला. डबा फ्रीजरमध्ये गेला आणि भिमाजी स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसले. थोड्या थोड्या वेळानं डबा काढायचा, काट्यानं कडा सोडवायच्या, ढवळायचं, परत आत. प्रत्येक वेळी त्यांचा जीव वरखाली व्हायचा, कारण आपण दही मोडतोय असंच त्यांना वाटायचं. पण दही पाणी सोडत नव्हतं. फेटल्यासारखं हलकं होत चाललं होतं. शेवटी चमचा सहज रुतला. रंग असा आला होता की कँटीनमध्ये असता तर ओळ लागली असती.

त्यांनी चांगली काचेची वाटी भरली. डबा फ्रीजरमध्ये टाकला आणि सवयीनं एका स्टीलच्या वाटीत सॅम्पल काढून, झाकण लावून, पट्टी चिकटवून खाली फ्रीजमध्ये ठेवलं. 'जांभूळ-दही. हात लावू नये.' सॅम्पल फ्रीजमध्येच ठेवतात. फ्रीजरमधल्या पदार्थाचं सॅम्पल फ्रीजरमध्ये ठेवायला हवं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. कँटीनला फ्रीजर नव्हता.

काचेची वाटी घेऊन ते बाहेरच्या खोलीत आले. गिरजाबाई दिवाणावर बसल्या होत्या.

"बघ कसं झालंय."

"ठिवा तिथं."

"विरघळेल."

"खाते की. ठिवा."

वाटी टीपॉयवर ठेवून भिमाजी समोर उभे राहिले. हात मागे बांधलेले, मान जराशी पुढे. गिरजाबाईंनी वाटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. हायवेवरून ट्रक चालले होते. वाटीतल्या डोंगराचा आधी उतार झाला, मग तळं झालं.

"एक चमचा तरी घे."

"मला वासच आला न्हाई त्याचा."

"थंड पदार्थाला वास नसतो गं."

"मंग आसंल."

भिमाजींनी वाटी नेऊन मोरीत उलटी केली. जांभळं पाणी जाळीतून खाली गेलं. परवाच शनिवार होता. त्यांनी ओटा पुसला, चाळणी घासली आणि सोपानरावांची टोपली परत द्यायला खाली उतरले. टोपली दिली, बाकावर थोडं बसले. नेमका तेव्हाच लाइट गेला आणि पाणी सोडणारा माणूस पंपाकडे पळाला, त्यावर थोडं बोलणं झालं. लाइट आल्यावर भिमाजी परत वर आले.

पाणी प्यायला त्यांनी फ्रीज उघडला. सॅम्पलची वाटी जागेवर होती, पण तिच्यावरची पट्टी भिंतीकडे होती. ठेवताना ती नेहमी दाराकडे ठेवतात. त्यांनी वाटी उचलली. हलकी लागली. झाकण काढलं तर आत काहीच नव्हतं. खरवडून साफ केलेली, धुतल्यासारखी.

तीन पाळ्या, सहाशे माणसं, इतकी वर्षं, आणि दसऱ्याचा तो एक वाढपी सोडला तर सॅम्पलला कुणाचा हात लागला नव्हता. वाटी हातात घेऊन ते बाहेर आले.

"सॅम्पल कुणी खाल्लं?"

गिरजाबाई दिवाणावर तशाच बसल्या होत्या, पदर तोंडाला. "मला काय ठावं."

"घरात तूच आहेस."

"मांजर आली आसंल."

"सातव्या मजल्यावर?"

"लिफ्टनं आली आसंल."

"लाइट गेला होता."

गिरजाबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग जिन्यानं."

भिमाजी पुढं बोलणार होते, पण त्यांची नजर पदरावर गेली. फिकट पिवळं सुती लुगडं, आणि पदराच्या टोकाला, जिथं तो तोंडावर धरलेला होता, तिथं जांभळे डाग. एक नाही, चांगले पाच-सात. गिरजाबाईंना नवऱ्याची नजर कळली. त्यांनी पदराचं टोक मुठीत घेतलं, आणि मग पदर तोंडावर राहिला नाही म्हणून दुसऱ्या हातानं तोंड झाकलं.

भिमाजींनी झाकण परत वाटीवर लावलं आणि ते स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसले.

एकाच डब्यातलं दही. काचेच्या वाटीतलं तिनं नाकारलं आणि सॅम्पलचं लपून खाल्लं. फ्रीजमध्ये थोडा वेळ राहून ते मऊ पडलं असणार, फ्रीजरसारखं झोंबलं नसणार; ती चूक आपल्याला फळली, एवढं त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पण तेवढ्यानं उलगडा होत नव्हता. टीपॉयवरचंही मऊ पडलंच होतं. मग त्यांना एक कामगार आठवला. फाटक्या ओठाचा होता. रोज ताट घेऊन शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. भिमाजी मुद्दाम वळसा घालून त्याच्यापुढे जाऊन उभे राहायचे, आमटी कशी झालीय विचारायला. तो पान अर्धं टाकून उठायचा. माणूस शिष्ट आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग उठून त्यांनी सॅम्पलची वाटी कपाटात ठेवली आणि तिच्याऐवजी आमटीची मोठी वाटी काढली.

दुसऱ्या दिवशी जांभूळ-दही पुन्हा झालं. भिमाजींनी मोठी वाटी भरली, पट्टी लावली आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. मग बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आज सॅम्पल मोठं ठेवलंय. नियम बदललाय."

"ठिवा की. मला काय करायचंय."

"मांजर आली तर?"

"आली तर आली. मी काय राखण करीत बसू?"

भिमाजींनी चपला घातल्या. दार जरा जोरातच ओढलं. लिफ्टपाशी जाऊन त्यांना वाटलं, परत फिरून एकदा कानोसा घ्यावा. खाल्लं तर कसं लागलं हे तोंडावर दिसलं असतं, आणि ते सोडून जाणं त्यांना जड गेलं. पण ते खालीच गेले.

वर आल्यावर वाटी रिकामी होती. दुपारच्या पेजेचंही त्यांनी सॅम्पल ठेवलं. तेही गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी तनुजा आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "आई, चला, आज मी तुम्हाला समोर बसून भरवते. उद्या वजन आहे." वाटी-चमचा तिच्या हातात होता. गिरजाबाईंनी पदर वर ओढला.

"तनुजा, जरा गॅलरीत ये," भिमाजी म्हणाले.

"काय झालं?"

"ये तर."

वाटी टीपॉयवर ठेवून ती गेली, पण गॅलरीत दाखवण्यासारखं काही नव्हतं. समोर नव्या टॉवरचं काम चाललं होतं. "किती मजले झाले असतील?" भिमाजींनी विचारलं. तनुजानं सासऱ्यांकडे पाहिलं, मागे वळून पाहणार तेवढ्यात थांबली आणि मजले मोजू लागली. आतून चमच्याचा आवाज येत होता. मजले मोजून झाल्यावर तिनं ते पुन्हा खालून मोजले.

शनिवारी गिरजाबाई काट्यावर चढल्या. डॉक्टरांनी चष्मा वर केला. वजन वाढलं नव्हतं. पण उतरलंही नव्हतं, होतं तिथंच होतं. "ठीक," ते म्हणाले. "सलाईनचं राहू द्या. हेच चालू ठेवा. काय देताय?"

भिमाजींनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी पदराआडून आवाज आला, "हे काय देत न्हाईत. सगळं मांजर खाते."

डॉक्टरांनी भिमाजींकडे पाहिलं. भिमाजी छताकडे बघत होते.

जांभळांचा हंगाम सरत आला. कवळीचं माप घ्यायला अजून अवकाश आहे. दही आता घरात वाटीभरच लागतं, आणि मीठ भिमाजी चिमटीनं घेतात. ते बरोबर पडतं की नाही हे त्यांना कळत नाही, कारण तोंड बघायला ते थांबत नाहीत. संध्याकाळी ते वेळेवर खाली येऊन बाकावर बसतात.

"दिलं का थिजिवल्यालं?" सोपानराव विचारतात.

"दिलं नाही," भिमाजी म्हणतात. "ठेवून आलोय."